विज्ञानपटातील मारधाड आणि निर्णयाची जागा

राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रपट मंडळ सुरू करणाऱ्या शिक्षकांनी प्रश्न विचारला आहे. नववी-दहावीच्या मुलांना यंत्रमानव, परग्रहवासी आणि स्फोट यांनी भरलेले विज्ञानपट मनापासून आवडतात, पालकांना मात्र त्यांत नुसता गोंगाट दिसतो. अशा चित्रपटांतून आजच्या समाजाबद्दल खरोखर काही कळते का, आणि कळत असेल तर ते मुलांपर्यंत कसे न्यावे? रत्नागिरीत मी बरीच वर्षे चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेत आले आहे आणि हा प्रश्न तिथेही निरनिराळ्या रूपांत येत असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

कळते, आणि पुष्कळ कळते. फक्त आपण ते चुकीच्या जागी शोधतो. विज्ञानपट म्हटला की त्यातले यंत्र खरे होईल का, हाच प्रश्न आधी विचारला जातो. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मध्ये २०१९ सालच्या लॉस एंजेलिसवर मोटारी उडतात, आणि १९९१ च्या दुसऱ्या ‘टर्मिनेटर’ने जगबुडीची तारीख २९ ऑगस्ट १९९७ अशी देऊन ठेवली होती. दोन्ही तारखा कधीच मागे पडल्या, तरी हे चित्रपट शिळे झालेले नाहीत, कारण भाकीत हा त्यांचा गाभा नव्हताच. माझ्या मते अशा चित्रपटात एकच गोष्ट धरून ठेवावी: निर्णय कोणत्या खोलीत होतो, तो कोण घेतो, आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे ते त्या खोलीत असतात की नाही. चित्रपट बनवणाऱ्यांना आपल्या समाजाबद्दल जे वाटते, ते या एका जागी जवळजवळ नकळत उघडे पडते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण कोकणातल्या प्रेक्षकाला सहज भिडणारे आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांजवळ हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजाच्या सुमारे अडीच पट, म्हणजे १५ मेगाटनांचा झाला, आणि धोक्याचे म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राबाहेर टूना पकडत असलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बोटीवर २३ जण होते. ते याइझू बंदरात परतले तेव्हा सगळेच आजारी होते, आणि बोटीवरचे रेडिओचालक ऐकिची कुबोयामा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वारले. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात दूषित टूना जमिनीत पुरावा लागला, आणि मासळीला गिऱ्हाईक मिळेना. कुबोयामा यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ जपानमध्ये प्रदर्शित झाला. आपण त्याला गॉडझिला म्हणून ओळखतो.

या चित्रपटाची सुरुवात शहरात होत नाही. भर समुद्रात जहाजाच्या डेकवर खलाशी निवांत बसलेले असतात, एकाएकी पाणी उजळते आणि जहाज पेट घेऊन बुडते. पुढे ओदो नावाच्या बेटावर मासळी मिळेनाशी झालेली दिसते आणि एक वृद्ध मच्छीमार त्याचे कारण सांगतो, पण त्याचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही. साखरी नाटे, हर्णै किंवा मिरकरवाडा येथे वाढलेल्या मुलाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. मासळी कमी झाल्याचे बंदरावर आधी कळते आणि कचेरीत नंतर, हा त्याच्या घरातला अनुभव असतो.

त्यानंतर जो प्रसंग येतो, तो मी प्रत्येक वर्गात थांबवून पुन्हा दाखवते. जपानी संसदेच्या समितीपुढे एक शास्त्रज्ञ सांगतो की हा प्राणी अणुचाचण्यांमुळे वर आला आहे. एक सदस्य उठून म्हणतो की हे जाहीर करू नये, लोक घाबरतील आणि परराष्ट्रसंबंध बिघडतील. त्यावर समोरच्या महिला सदस्य संतापून उभ्या राहतात आणि सत्य लोकांना सांगितलेच पाहिजे असा आग्रह धरतात. राक्षसाने शहर तुडवण्यापूर्वी चित्रपटाने एक सभा भरवली आहे आणि तिच्यात माहिती कोणाच्या मालकीची हा वाद मांडला आहे. शेवटी राक्षसाला मारणारे अस्त्र शोधणारा सेरिझावा आपले सगळे टिपण जाळतो आणि समुद्राच्या तळाशी स्वतःही मरण पत्करतो, कारण अस्त्र एकदा दुसऱ्यांच्या हाती गेले की ते वापरले जाणारच, अशी त्याची खात्री असते. १९५६ मध्ये अमेरिकेसाठी हाच चित्रपट कापून, त्यात एक अमेरिकन वार्ताहर घालून पुन्हा प्रदर्शित केला गेला आणि अणुचाचण्यांविषयीची बरीच चर्चा गाळली गेली. राक्षस राहिला, वाद गेला.

जैतापूर प्रकल्पाच्या परिसरात शिकवणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते आहे. माडबनला प्रत्येकी १,७३० मेगावॉटच्या ६ अणुभट्ट्या, म्हणजे एकूण १०,३८० मेगावॉट, असा प्रस्ताव आहे, आणि समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याचा मासळीवर काय परिणाम होईल हा मच्छीमारांचा प्रश्न जुना आहे. प्रकल्प योग्य की अयोग्य याचे उत्तर ‘गोजिरा’ देत नाही आणि शिक्षकानेही त्याच्या आडून ते देऊ नये. तुमच्या वर्गात दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले बसलेली असतील. पण धोक्याची माहिती कोणाला, कधी आणि किती सांगायची हे ठरवणारे कोण, हा प्रश्न त्या समितीच्या दृश्यातून मुलांच्या मनात आपोआप उभा राहतो, आणि तो उभा राहायलाच हवा.

आता तीन दशके पुढे येऊ. १९८७ च्या ‘रोबोकॉप’मध्ये, पॉल व्हरहोवेन यांच्या डेट्रॉइटमध्ये, संसद किंवा समिती कुठेच नाही, सभा भरते ती कंपनीच्या संचालक मंडळाची. शहराचे पोलीस दल चालवण्याचे कंत्राट त्या कंपनीकडे आहे. नव्या शस्त्रधारी यंत्राचे प्रात्यक्षिक चालू असताना ते बिघडते आणि एका तरुण अधिकाऱ्याला तिथेच ठार करते. अध्यक्षांना वाईट वाटते ते मुख्यतः बांधकाम लांबले तर भराव्या लागणाऱ्या व्याजाचे. नायकाच्या, म्हणजे कंपनीनेच घडवलेल्या अर्ध्या यंत्र-पोलिसाच्या, मेंदूत एक गुप्त नियम घालून ठेवलेला असतो: कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला त्याने अटक करायची नाही. चित्रपटाचा खलनायक हाच अधिकारी आहे, त्याचे गुन्हे सर्वांसमोर सिद्ध झाले आहेत, तरीही नायकाचा हात उठत नाही. मग अध्यक्ष त्या अधिकाऱ्याला नोकरीवरून काढून टाकतात, नियम लागू होत नाही आणि गोळी सुटते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या क्षणी चित्रपट थांबवून मी विचारते की न्याय नेमका कोणी केला. कायद्याने किंवा नागरिकांनी तो केलेला नसतो. मालकाने एक नोकर कमी केला, एवढेच घडलेले असते. सार्वजनिक सेवा कंत्राटावर गेल्या की जाब विचारायची जागा कशी नाहीशी होते, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे दृश्य मला माहीत नाही. (हा चित्रपट अतिशय हिंसक आहे. तो शाळेत दाखवू नये. प्रौढांच्या मंडळात अवश्य दाखवावा.)

फ्रित्झ लांग यांचा १९२७ चा ‘मेट्रोपोलिस’ या सगळ्यांचा पूर्वज आहे. वर उजळलेले शहर, खाली जमिनीच्या पोटात कामगारांची वस्ती, आणि पाळी बदलताना मान खाली घालून चालणाऱ्या दोन रांगा. कोकणातल्या घरांना ही पाळी परकी नाही. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गिरणगावात गेली, त्यांच्या मनीऑर्डरींवर गावातली चूल पेटली, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा त्याची झळ गावोगावी पोहोचली. म्हणूनच ‘मेट्रोपोलिस’चा शेवट माझ्या वर्गातल्या ज्येष्ठांना कधीच पटत नाही. मालक आणि मुकादम हस्तांदोलन करतात आणि चित्रपट संपतो. पगार किती, पाळी किती तासांची, खालची घरे कोण बांधून देणार, यातले काहीच ठरत नाही. तडजोड म्हणजे अटी, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना नुसता हात पुरत नाही. लांग यांनीही पुढे या शेवटाबद्दल नापसंती व्यक्त केली होती.

जमिनीचा प्रश्न मात्र या चित्रप्रकाराने अलीकडेच नीट हाताळला, आणि तोही दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी. योगायोगाने दोन्ही चित्रपट २००९ चे आहेत. नील ब्लोमकॅम्प यांच्या ‘डिस्ट्रिक्ट ९’मध्ये जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत अडकून पडलेल्या परग्रहवासीयांना शहराबाहेर हलवायचे असते. त्यासाठी एक सौम्य, हसतमुख कर्मचारी दारोदार फिरून नोटिशीवर त्यांच्या सह्या घेतो. सोबत बंदूकधारी असतात, पण सही हवीच, कारण सहीशिवाय काम कायदेशीर दिसत नाही. यामागे खरा इतिहास आहे: केप टाउनचा ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा भाग १९६६ मध्ये केवळ गोऱ्यांसाठी घोषित झाला आणि तिथून ६०,००० हून अधिक माणसे हलवली गेली. भूसंपादनाची नोटीस, सातबारावरची नावे, मुंबईत राहणाऱ्या भावाची संमती, धनादेश घ्यायचा की परत करायचा यावरून घरात झालेली भांडणे, हे सारे राजापूर तालुक्याने पाहिलेले आहे. माडबन परिसरातील बहुसंख्य खातेदारांनी सुरुवातीला मोबदला नाकारला होता. त्यामुळे त्या कर्मचाऱ्याच्या हातातल्या कागदाकडे आपल्याकडची मुले परग्रहवासीयापेक्षाही जास्त निरखून पाहतात. हिंसा अनेकदा नमुना भरून, शिक्का मारून येते, हे या चित्रपटाला अचूक कळले आहे.

दुसरा चित्रपट जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’. दूरच्या चंद्रावर मौल्यवान खनिज, त्यावर उभे असलेले जंगल, जंगलात राहणारे लोक आणि खाणीसाठी आलेली कंपनी. चित्रपटाची सहानुभूती पूर्णपणे रहिवाशांच्या बाजूने आहे, आणि ती प्रामाणिक आहे असे मला वाटते. परंतु निर्णयाची जागा पाहिली की अडचण दिसते. त्या लोकांना लढायला उभे करणारा बाहेरून आलेला सैनिक असतो, आणि वाद मिटतो तो आकाशातल्या युद्धात. याच काळात ओडिशातील नियमगिरी पर्वतावर बॉक्साइटच्या खाणीचा वाद चालू होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितले की डोंगराविषयीचे डोंगरिया कोंध या तिथल्या आदिवासींचे धार्मिक आणि सामुदायिक हक्क काय आहेत, हे ग्रामसभांनी ठरवावे. त्या वर्षी १२ गावांच्या ग्रामसभा झाल्या आणि बाराही सभांनी खाणीला नकार दिला. चित्रपटासाठी यात उडणारे प्राणी नाहीत, पण माणसे एकामागून एक उठून बोलतात आणि त्यांचे म्हणणे नोंदवले जाते. ‘अवतार’ जगभर पाहिला गेला. नियमगिरीच्या ग्रामसभा आपल्याच राज्यातल्या किती मुलांना माहीत आहेत, हे तुमच्या वर्गात विचारून पाहा.

पाळतीचा विषय आला की स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या २००२ च्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’चे नाव निघतेच. २०५४ च्या वॉशिंग्टनमध्ये खून होण्याआधीच खुन्याला पकडले जाते, भिंतीवरच्या जाहिराती डोळे ओळखून माणसाला नावाने हाक मारतात. सामान्यतः यावरची चर्चा ‘पाळत वाईट’ या एका वाक्यावर संपते, आणि ते मला पुरेसे वाटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रे आली. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने समुद्रावर ड्रोनने टेहळणी सुरू केली. पारंपरिक मच्छीमारांपैकी अनेकांना ही टेहळणी हवीच होती, कारण केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातलेली एलईडी दिव्यांची मासेमारी रात्री चालूच राहते आणि तिचा फटका लहान होडीवाल्यांना बसतो. तेव्हा प्रश्न कॅमेरा असावा की नसावा एवढाच नाही. त्या चित्रांवरून दोषी कोण हे कोण ठरवते, दंडाविरुद्ध दाद कुठे मागता येते, आणि बलवान बोटमालकाची चित्रेही तितक्याच निष्ठेने पाहिली जातात का, हे विचारावे लागते. ‘मायनॉरिटी रिपोर्ट’मध्येही व्यवस्था कोसळते ती तिच्या प्रमुखाने स्वतःचा गुन्हा तिच्याच आडून लपवल्यामुळे.

हिंदी-तमिळ विज्ञानपटांबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण त्यांपैकी बहुतेकांत निर्णयाची खोली दाखवलीच जात नाही. २०१८ चा शंकर यांचा ‘२.०’ अपवाद म्हणून पाहण्यासारखा आहे. त्यातील पक्षिप्रेमी वृद्ध मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे पाखरे मरतात म्हणून सगळीकडे दाद मागतो, कोणी ऐकत नाही, तो जीव देतो आणि मग संहारक रूपात परततो. मनोऱ्यांमुळे पक्षी मरतात हे चित्रपट सिद्ध शास्त्र असल्यासारखे सांगतो. तसा भक्कम पुरावा नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगावे. अधिवास नष्ट होणे हे पक्षी घटण्याचे कितीतरी मोठे कारण आहे. हे पात्र सालिम अली यांच्यावरून सुचल्याचे तेव्हा बरेच लिहिले गेले. सालिम अलींनी १९३० मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. पुढे केरळातील सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत ते होते, आणि तिथला जलविद्युत प्रकल्प खरोखरच रद्द झाला. तशा माणसाच्या छायेतून घडवलेल्या पात्राला चित्रपटात सूड घेणारा राक्षस व्हावे लागते, याचा अर्थ निवेदने आणि निरीक्षणे यांनी काही घडू शकते यावरचा आपला विश्वास फार क्षीण झाला आहे, असा मी लावते.

इथे मारधाडीविषयी बोलले पाहिजे, कारण पालकांचा मूळ आक्षेप तिच्यावरच आहे. मारधाडीच्या दृश्याला तीन गोष्टी लागतात: एक शरीर, एक ठिकाण आणि एक मुदत. शत्रूला चेहरा हवा, तो समोर हवा, आणि घड्याळ उलटे चालू हवे. आधुनिक समाजातले बहुतेक नुकसान याच्या अगदी उलट असते. दाभोळ खाडीतील मच्छीमार वर्षानुवर्षे लोटे परशुरामच्या औद्योगिक सांडपाण्याबद्दल तक्रारी करत आले आहेत; त्या नुकसानाला एक चेहरा नाही, ते एका रात्रीत घडत नाही आणि कोणी एक वायर तोडल्याने थांबत नाही. चित्रपट अशा पसरट गोष्टीला शरीर देतो, म्हणूनच ती डोळ्यांना दिसते, आणि हे या प्रकाराचे मोठे बळ आहे. मात्र त्याच कारणाने तो उपायही शरीराच्याच मापाचा देतो: एक नायक, एक टक्कर, एक स्फोट. पालकांना खटकते ती हिंसा. मला अधिक खटकते ती तिच्या गर्दीत सभा, अर्ज, सुनावणी आणि ठराव यांची झालेली अनुपस्थिती. पन्नास वर्षांच्या विज्ञानपटांत या गोष्टी जसजशा कमी होत गेल्या, तसतसा सार्वजनिक संस्थांवरचा विश्वासही कमी होत गेला, आणि दोन्हींचा संबंध आहे असे मी मानते.

तरीही हे अपरिहार्य नाही, आणि त्याचा पुरावा पुन्हा जपानमधूनच आला. मार्च २०११ च्या फुकुशिमा अणुप्रकल्पातील दुर्घटनेनंतर, २०१६ मध्ये, हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी ‘शिन गोजिरा’ केला. त्याचा अर्ध्याहून अधिक भाग बैठकांत जातो. राक्षस शहरात शिरत असताना अधिकारी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात, कोणत्या खात्याचा अधिकार यावर अडून बसतात, आणि या दिरंगाईची किंमत माणसे मोजतात. पण हाच चित्रपट पुढे एक वेगळी गोष्ट दाखवतो. हेलिकॉप्टर गोळीबाराच्या तयारीत असताना वाटेत दोन नागरिक अजून बाहेर पडायचे आहेत असे कळते आणि पंतप्रधान हल्ला थांबवतात. परदेशी सत्ता टोकियोवर अणुबॉम्ब टाकायला निघालेल्या असताना निरनिराळ्या खात्यांतले कनिष्ठ, हट्टी, फारसे कोणाला न आवडणारे लोक एकत्र बसून दुसरा मार्ग काढतात, आणि राक्षसाला गोठवले जाते ते काँक्रीट ओतण्याच्या पंपगाड्यांनी. फुकुशिमात तापलेल्या इंधनावर पाणी सोडायला अशाच गाड्या वापरल्या होत्या. या चित्रपटात एकटा नायक नाही. मुले सुरुवातीला चुळबुळ करतात, पण शेवटच्या अर्ध्या तासात पंपगाड्यांची रांग पुढे सरकते तेव्हा वर्गात कोणी हलत नाही.

तुमच्या मंडळासाठी माझी सूचना अशी. सुरुवात १९५४ च्या ‘गोजिरा’ने करा, तो ९६ मिनिटांचा आहे, म्हणजे शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर आरामात बसतो. मूळ जपानी आवृत्तीच मिळवा, १९५६ ची अमेरिकन आवृत्ती नको, आणि उपशीर्षके इंग्रजी असल्यास समितीचे आणि ओदो बेटाचे प्रसंग आधी मराठीत सांगून ठेवा. नंतर ‘अवतार’ घ्या, कारण तो बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि ओळखीच्या चित्रपटाकडे नव्याने पाहायला मुलांना आवडते. ‘शिन गोजिरा’ तिसरा. ‘डिस्ट्रिक्ट ९’ पालकांसाठी वेगळा ठेवा.

चर्चेत ‘यातून काय शिकलात’ असे विचारू नका. त्याची ठरावीक उत्तरे येतात. मी मुलांना त्या चित्रपटातल्या सर्वांत महत्त्वाच्या निर्णयाचे इतिवृत्त लिहायला लावते, अगदी ग्रामसभेच्या वहीत लिहितात तसे: सभेचे ठिकाण, उपस्थित, विषय, सूचक, अनुमोदक, विरोध, ठराव. ‘अवतार’मध्ये जंगलातले महाकाय झाड पाडण्याच्या निर्णयाचे इतिवृत्त लिहायला बसले की ‘उपस्थित’ या शब्दापुढे कंपनीचा अधिकारी आणि सेनाधिकारी यांच्याखेरीज फारशी नावे सापडत नाहीत, आणि विरोध नोंदवणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंना मत होते का, यावर मुले आपसांत भांडू लागतात. त्या भांडणाला पुरेसा वेळ द्या. एका बैठकीत चित्रपट आणि लेखन दोन्ही उरकू नका. लेखन पुढच्या शनिवारी ठेवा, आणि शक्य असल्यास ग्रामपंचायतीकडून एखाद्या खऱ्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत मागून आणून नमुना म्हणून मुलांसमोर ठेवा.